पासवाल्यांचं घर

दक्षिण कोकणातल्या बहुतेक घरांत एक माणूस मुंबईचा असतो. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, आणि उरलेलं वर्ष त्याची मनीऑर्डर येते. महाड-पोलादपूरकडच्या आमच्या नातेवाइकांची बालपणं अशीच गेली. बाप म्हणजे पत्रातला मजकूर आणि ट्रंकेतले नवे कपडे. आमच्या कर्जतच्या घरात तसं झालं नाही. आमचे वडीलही मुंबईतच कमावत, पण दिवस संपला की घरच्या पाटावर बसून जेवत. यात त्यांची कर्तबगारी नक्कीच होती, पण तशी ती महाडच्या माणसांचीही होती. फरक इतकाच की आमच्या गावात आणि मुंबईत शंभर किलोमीटरचं अंतर होतं आणि त्या अंतरावर रूळ होते. कोकण रेल्वे सलग सुरू व्हायला १९९८ साल उजाडलं. आमच्याकडे रूळ आले ते १८५६ साली. मधल्या एवढ्या वर्षांत किती घरांची मुलं बापाशिवाय वाढली असतील, हा विचार मनात आला की आमच्या स्टेशनाबद्दल फार आपुलकी वाटते.

आम्ही सगळी सख्खी, चुलत, आत्येभावंडं आता साठीच्या आसपास आहोत. जमलो की बोलणं फिरून फिरून स्टेशनावर येतं. एकाला इंजिनं आठवतात, दुसरीला बायकांचा डबा, तिसऱ्याला भूक. हे सगळ्यांचं मिळून लिहिलेलं आहे.

आधी थोडं जुनं सांगायला हवं. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३च्या एप्रिलमध्ये धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला आली आणि १२ मे १८५६ला कल्याणहून थेट खोपोलीपर्यंत मार्ग सुरू झाला. म्हणजे आज जी शाखा म्हणून ओळखली जाते ती कर्जत-खोपोली बाजू तेव्हा मुख्य रस्त्याचं टोक होती. पुढे बोरघाट आडवा होता. १८५८मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच राहिला. त्या पाच वर्षांत पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, आणि ऐपतीप्रमाणे पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ खोपोलीत आधीपासून होतंच. वाटसरूंची वर्दळ त्या गावाला नवी नव्हती.

घाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. जेम्स बर्कली मुख्य अभियंता. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून कामं तडीला नेली. ऐन भरात असताना या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांत मिळून जवळजवळ पंचवीस हजार माणसं दगावली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. लोकांनी आपल्या परीनं एक नाव जपलं आहे, शिंग्रोबाचं. घाटातली वाट या धनगरानं गोऱ्या साहेबाला दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी कथा आहे. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. तात्या, म्हणजे आमचे थोरले काका, खोपोलीहून एसटीनं घाट चढताना तिथे न चुकता नाणं टाकायचे. आम्हाला म्हणायचे, “आपण ज्या रुळांवर पोट भरतो ना, ते याच्या पायवाटेवर घातलेत.” कथेचा पुरावा कुणी मागितला नाही. ऋण मात्र मानलं.

घाटामुळेच कर्जतचं स्टेशन मोठं झालं. इथून लोणावळ्यापर्यंतच्या अठ्ठावीस किलोमीटरांत चढ असा आहे की काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर गेलेली असते. पुढचं इंजिन एकटं हे ओझं ओढू शकत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात. त्यांना सगळे बँकर म्हणतात. बँकर लागेपर्यंत गाडी थांबणार, हा कर्जतचा नियम. गाव लहान असूनही मेल-एक्स्प्रेस इथे थांबत आल्या त्या गावासाठी नव्हे, चढासाठी.

आमचा एक काका रेल्वेत होता, बँकरवर. त्याच्यामुळे आम्हा मुलांना इंजिनांची घरच्या गुरांसारखी ओळख होती. विजेवर गाड्या धावू लागल्या त्या काळात, १९२८च्या सुमारास, घाटासाठी स्वित्झर्लंडच्या आराखड्यावरची एकेचाळीस इंजिनं आली होती. मधली खोली उंच, पुढे-मागे लांब सोंडा, चाकांना बाहेरून जोडलेले दांडे. माणसं त्यांना खेकडा म्हणत. आमच्या लहानपणी त्यांतले काही म्हातारे खेकडे अजून कामावर होते. त्यांचा कण्हल्यासारखा आवाज कर्जतच्या दहिवलीत आमच्या ओटीवर ऐकू यायचा. काका सांगायचा की उतरताना खरी कसोटी असते. घाटात ठरावीक जागी रूळ मुद्दाम चढावरच्या फाट्याकडे वळवलेले असतात, त्याला कॅच साइडिंग म्हणतात. गाडी तिथे पूर्ण थांबली, ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, तरच पुढचा रूळ जोडला जातो. ब्रेक निसटलेली गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि थकून थांबते. ठाकूरवाडी, जांब्रुंग, मंकी हिल ही नावं प्रवाशाला खिडकीतून धबधब्यासाठी आठवतात. आमच्या काकूला ती काकाच्या रात्रपाळीसाठी आठवतात. पावसाच्या रात्री तो डब्यात भाकरी आणि अंगावर घोंगडी घेऊन निघाला की ती देवापुढचा दिवा सकाळपर्यंत विझू देत नसे. त्या खेकड्यांतला एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. नातवंडांना घेऊन वरळीला गेलो तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात अबोल भावानं त्याच्या चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आमच्या घरातून माणसं तीन दिशांना जात. वडील आणि मधले काका मुंबईला, रेल्वेतला काका घाटात आणि तात्या खोपोलीला. खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५पासून होतं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे तिथे पोलाद, पाइप, कागद अशा कारखान्यांची रांग लागली. खालापूर तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतली माणसं पाळीप्रमाणे कर्जत-खोपोली शटल पकडायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. एकेरी रूळ, दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि वर नजर टाकली की घाटाचा अख्खा कडा. तात्यांच्या तीन पाळ्यांनुसार घरातलं जेवण, मुलांचा दंगा आणि दुपारची सामसूम ठरायची. मंगळवारी अंगारकी आली की त्याच शटलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर, दोन्हींना जाणारी माणसं खोपोलीलाच उतरायची.

मुंबईच्या पासवाल्यांचा दिवस अंधारात सुरू होई. आई साडेतीनला उठे. शेगडी पेटवून पाणी तापवी, दोन डबे भरी, आणि वडील बॅटरी घेऊन उल्हास नदीवरचा पूल ओलांडून स्टेशनाकडे निघत. गाडी कर्जतहून सुटणारी, त्यामुळे बसायला जागा मिळे. हे आमच्या गावाचं मोठं सुख होतं. तास-दीड तास उभं राहून जायचं आणि मग आठ तास काम करायचं, हे बदलापूर-अंबरनाथच्या माणसाच्या नशिबी आलं. बसल्या जागी कुणी झोप पुरी करी, कुणी अभ्यास करी. मधल्या काकांनी बी.कॉम.चं सगळं वाचन नेरळ ते घाटकोपर या पट्ट्यात केलं. त्यांच्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ पिशवीत असत. कल्याणला गर्दी चढेपर्यंत अभंग म्हणून होत आणि मग टाळ पुन्हा पिशवीत जात. दसऱ्याला डब्याला झेंडूचे हार घालून पूजा होई आणि पेढे वाटले जात. ज्या जागेनं आयुष्याचा एवढा भाग घेतला, तिची पूजा करावीशी वाटणं अगदी साहजिक होतं.

रात्रीची परतीची गाडी बदलापूरला रिकामी होई. पुढे वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी. ही नावं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली, कारण आजी ती मोजत बसे. “आता नेरळ आलं असेल,” ती म्हणे आणि आई आमटी गरम करायला ठेवी. कर्जत लोकलमध्ये डोळा लागला तरी भीती नव्हती, गाडी तिथेच संपायची. खोपोलीच्या लोकलमध्ये मात्र शेजारचा पासवाला खांद्याला हात लावून उठवी. एकमेकांची आडनावं माहीत नसलेली माणसं एकमेकांचं उतरायचं ठिकाण विसरत नसत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वडील रोज घरी येत, पण आम्हाला जागेपणी ते रविवारीच भेटत. आम्ही उठायच्या आत गेलेले, आम्ही झोपल्यावर आलेले. तरीही ते आले आहेत हे आम्हाला झोपेत कळायचं. पायरीवर चपला, खुंटीवर सदरा, कधी उशाशी दादरहून आणलेला पेन. महाडच्या भावंडांना हे सुद्धा नव्हतं. पण या रोजच्या परतण्याची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती आईनं. घरात पहिली उठणारी तीच आणि शेवटची निजणारीही तीच. पास वडिलांच्या खिशात असायचा, पण त्या पासावर चालणारं घर तिनं चालवलं. ती हयात असताना आम्ही हे नीट बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पुढे बायकांच्या खांद्यालाही पर्स आली. आत्या नेरळला शाळेत शिकवायला जाऊ लागली आणि धाकटी काकू लग्नानंतर कल्याणच्या कचेरीत लागली. स्वतःच्या नावाचा पास काढणारी आमच्या घरातली ती पहिली सून. काकू सांगते, बायकांच्या डब्यात तिला माहेर मिळालं. मटार सोलले जात, स्वेटर विणले जात, संक्रांतीला तिळगूळ आणि वाण वाटलं जाई. एकीच्या सातव्या महिन्यात डब्यातच तिची ओटी भरून डोहाळजेवण झालं. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणला होता. घरी सासूपुढे जे बोलता येत नसे ते तिथे बोललं जाई. काकूच्या मुलीचं स्थळही त्याच डब्यातल्या एका मैत्रिणीनं सुचवलेलं.

स्टेशन फक्त नोकरदारांचं नव्हतं. पहाटेच्या गाडीच्या मालडब्यात दुधाचे कॅन चढत. पावसाच्या तोंडावर ठाकूर-कातकरी बाया डोक्यावर पाट्या घेऊन वाड्यांतून येत. पाटीत शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली. उन्हाळ्यात पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं. कल्याण-डोंबिवलीच्या मंडईपर्यंत त्या जात आणि दुपारच्या गाडीनं मीठ, तेल, सुकी मासळी घेऊन परतत. आमच्या आजीची त्यांतल्या एकीशी कायमची देवघेव होती. शेवळांच्या पहिल्या जुडीबरोबर ती काकडंही आणायची, घशाला खाज सुटू नये म्हणून भाजीत घालायला. जंगलातलं ताट शहराच्या ताटाशी जोडलं गेलं ते या मालडब्यामुळे. या रोजगाराची नोंद कोणी ठेवली नाही, पण कितीतरी वाड्यांच्या चुली त्यावर पेटल्या.

आणि वडे. बँकर लागेपर्यंतच्या त्या काही मिनिटांत कर्जतच्या फलाटावर जो पुकारा होई तो पुण्या-मुंबईच्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. दिवाडकरांच्या वड्याचं नाव लांबलांबच्या माणसाकडून ऐकलं की आम्हाला उगाच घरच्यासारखा अभिमान वाटे. गरम वडा, पाव आणि लसणाची सुकी लाल चटणी. खिडकीतून पैसे बाहेर, कागदाची पुडी आत, सगळं गाडी हलायच्या आत. आम्हाला मात्र वडा परीक्षेचा निकाल लागला किंवा पाहुण्यांना पोचवायला गेलो तरच मिळे. रोज समोर दिसणारी गोष्ट क्वचित मिळाली की तिची चव वाढते, हे आम्ही त्या फलाटावर शिकलो.

रविवारी वडील जागे असत आणि गोष्टी सांगत. सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट भाई कोतवालांची. माथेरानच्या नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, शेतकऱ्यांसाठी झटला आणि १९४२मध्ये आझाद दस्ता उभारून डोंगरात शिरला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचे, म्हणजे कारखाने आणि गाड्या थांबतील, असा त्यांचा बेत होता. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्या विजेवर आपली गाडी धावते तिच्या तारा आपल्याच मातीतल्या माणसांनी देशासाठी तोडल्या होत्या, हे वडील आवाज खाली आणून सांगत. आम्ही नेरळला उतरून माथेरानच्या छोट्या गाडीत बसलो की त्यांना तीच आठवण येई. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं १९०७मध्ये उभी केलेली ती दोन फुटी गाडी आमच्या पिढीची एकमेव चैन होती.

१९७४च्या मे महिन्यातला रेल्वे संप सगळ्यांना वेगवेगळा आठवतो. वीस दिवसांच्या त्या संपात काका घरी होता आणि वडिलांना ऑफिस गाठता येत नव्हतं. आम्हाला प्रथमच दिवसाउजेडी दोघंही अंगणात दिसत होते. एक भाऊ संपावर, दुसऱ्याची रजा चाललेली, तरी घरात या विषयावरून एकदाही आवाज चढला नाही. आजीनं ठरवून टाकलं होतं की भात पेरणीआधीची सगळी कामं आता दोघांनी मिळून करायची. त्या वर्षी आमचं शेत वेळेत तयार झालं.

पावसाळ्यात घाटात दरड आली की गाड्या कर्जतला अडकत. अशा वेळी गाव स्टेशनावर जाई. घराघरांतून चहाच्या किटल्या, पिठलं-भाकरी, लहान मुलांसाठी दूध. कुणाला सांगावं लागत नसे. २६ जुलै २००५ला सगळंच बंद पडलं. माथेरानची लाइन पावसानं उखडून नेली, ती पुन्हा सुरू व्हायला जवळपास दोन वर्षं लागली. आमचा पुतण्या कल्याणला अडकला आणि दुसऱ्या दिवशी इतर पासवाल्यांसोबत रुळांवरून चालत घराकडे निघाला. वाटेत लोकांनी त्यांना खाऊ घातलं. आम्ही जे फलाटावर इतरांना दिलं होतं ते त्याला वांगणी-शेलूच्या माणसांकडून मिळालं. २०१९च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली, तेव्हाही हजारावर प्रवाशांना बाहेर काढताना जवानांच्या जोडीला आसपासची गावं धावली होती.

आता बरंच बदललं आहे. द्रुतगती महामार्ग खालापुरातून गेला आणि घाट मोटारींनी भरला. २०२३पासून वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते आणि कर्जतला न थांबता निघून जाते. भाताच्या खाचरांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. पूर्वी आम्ही कामासाठी मुंबईला जायचो, आता मुंबईची माणसं राहायला कर्जतला येतात. त्यांना आम्ही परके मानत नाही. परवडणारं घर आणि रोज परतता येईल अशी नोकरी, हेच तर आमच्या वडिलांनीही मागितलं होतं.

चौक आणि मोहोपे मार्गे पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्गाचं काम आमच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. त्यावरचा वावर्ल्याचा बोगदा २.६ किलोमीटरचा, पारसिकच्या बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. चौक भागातल्या मुलांना या मार्गानं नवी मुंबईचं कॉलेज गाठता येईल आणि संध्याकाळी घरी येता येईल. आम्हाला यापेक्षा आनंदाची दुसरी बातमी नाही. फक्त एक मागणं आहे, आणि ते आम्ही या घराच्या वतीनं मनापासून करतो. नव्या गाडीचं वेळापत्रक आखताना पहाटेच्या दूधवाल्याचा विचार व्हावा. पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला मालडब्यात जागा मिळावी. बायकांसाठी फलाटावर स्वच्छ शौचालय आणि रात्री उशिरापर्यंत उजेड असावा. आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीला जोडून खोपोलीची गाडी मिळावी, म्हणजे केळवली-डोलवलीच्या माणसाला फलाटावर रात्र काढावी लागणार नाही. स्टेशनाच्या इमारती कितीही देखण्या होवोत, ज्या गावातली माणसं दिवसभर राबून रात्री आपल्या घरी जेवतात, त्या गावाचं स्टेशन चांगलं चाललं आहे असं आम्ही समजू.